सेवा म्हणजे भाडं

आधी एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठी बोलताना सापडलं की फळ्यावर नाव लागायचं. त्यामुळे ‘मराठी विभागासाठी लेख दे’ म्हणून संपादिका मागे लागली (ती माझी रूममेट आहे, सुटका नाही!) तेव्हा मला हसूच आलं. पण एक विषय २०२५ च्या मे महिन्यापासून डोक्यात ठाण मांडून बसलाय आणि त्यावर घरात माझं सगळ्यांशी मराठीतच भांडून झालंय. म्हणजे भांडण मराठीत आणि लेख इंग्लिशमध्ये, हे काही बरं नाही. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं सांभाळून घ्या.

विषय जमिनीचा आहे. एक जमीन इंडोनेशियातली, बाली बेटावरच्या जातिलुविह नावाच्या खेड्यातली. दुसरी आमची, मालवण तालुक्यातली. दुसरीबद्दल शेवटी बोलेन. आधी बाली.

आई-बाबांच्या लग्नाला २५ वर्षं झाली म्हणून आम्ही तिघं गेलो होतो. बाली म्हटलं की आपल्याकडे हनिमून आणि झोपाळ्यावरचे फोटो. २०२४ मध्ये बालीत आलेल्या परदेशी पर्यटकांत ऑस्ट्रेलियानंतर दुसरा नंबर आपल्या भारतीयांचा होता! एअरपोर्टवर व्हिसासाठी ५ लाख रुपिया आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेला दीड लाख रुपियाचा पर्यटक कर, असे माणशी साडेसहा लाख मोजले. लक्षाधीश झाल्याचा आनंद पाच मिनिटं टिकला. मग बाबांनी हिशेब केला, दीड लाख म्हणजे आपले आठ-नऊशे रुपये.

पहिले तीन दिवस समुद्राकाठी काढले. शेवटच्या दोन रात्री बाबांनी मुद्दाम गावात घेतल्या होत्या. ‘सिव्हिलला गेलीस ना, चल तुला पाटबंधारे दाखवतो,’ म्हणाले. बाली आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षाही लहान आहे, पण लोकवस्ती ४० लाखांच्या वर, आणि गावाकडे जायला आपल्या एसटीसारखं काही नाही. गाडी भाड्याने घ्यायची नाहीतर स्कूटर. घरटी एक स्कूटर असतेच, आणि टपऱ्यांवर काचेच्या बाटल्यांत भरलेलं पेट्रोल विकायला ठेवलेलं असतं. दक्षिण टोकाच्या एअरपोर्टपासून बातुकारू डोंगराच्या उतारावरच्या या गावापर्यंत दोन-अडीच तास लागतात. अंतर फार नाही, पण रस्ता अरुंद आणि ट्रॅफिक आपल्यासारखंच.

त्या रस्त्यावर मला पहिला धडा मिळाला. भाताच्या हिरव्यागार शेतात मधेच एक पाटी. मी अक्षरं लावून वाचलं : ‘दिसेवाकान’. थोडं पुढे गेलं की पुन्हा तीच पाटी. मला वाटलं, देवळाची वगैरे सेवा असेल. बाली हिंदू ना! ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, ‘सेवा’ म्हणजे भाडं. ही शेतं भाड्याने द्यायची आहेत. आई म्हणाली, ‘घ्या! आपल्याकडे सेवा म्हणजे फुकट काम आणि यांच्याकडे भाडं!’ आम्ही खूप हसलो. तेव्हा मला कल्पना नव्हती की या एका शब्दावर मी पुढे लेख लिहीन.

गंमत म्हणजे तिथल्या जमिनीच्या कायद्यातले बरेचसे शब्द आपल्याला कळतात. हक्काला ते ‘हाक’ म्हणतात, वारसाला ‘वारिस’. गावच्या रूढीला ‘आदात’ आणि गावाला ‘देसा’. इंडोनेशियाचा जमिनीचा मूळ कायदा १९६० चा. त्यात पूर्ण मालकीला ‘हाक मिलिक’ म्हणतात आणि ती परदेशी माणसाला मिळू शकत नाही. त्याला वापराचा हक्क मिळतो किंवा ‘सेवा’, म्हणजे भाडेपट्टा. हा पट्टा बहुतेक वेळा २५-३० वर्षांचा असतो आणि सगळे पैसे एकरकमी आधीच दिले जातात. काही जण यालाही बगल देतात : पैसा परदेशी माणसाचा, कागदावर नाव गावातल्या कुणाचं तरी. कायद्याने असा व्यवहार रद्दबातल आहे, तरी तो होतो. ऐकून बाबा म्हणाले, ‘आपल्याकडेही शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, १९४८ पासून कायदा आहे. मग कोकणात हे सगळे बंगलेवाले शेतकरी कधी झाले?’ कायदा दोन्हीकडे आहे आणि पळवाटही दोन्हीकडे आहे.

आम्ही उतरलो ते एका शेतकऱ्याच्या घरी. तिथे मोठ्या पुरुषाला ‘पाक’ आणि बाईला ‘इबू’ म्हणतात, आपल्या काका-काकूंसारखं. मीही तेच म्हणते. पाकना इंग्लिश बऱ्यापैकी येत होतं. घर म्हणजे एका कुंपणभिंतीच्या आत चार-पाच वेगवेगळ्या लहान इमारती, डोंगराच्या बाजूच्या कोपऱ्यात घरचं देऊळ, आणि भाताचं कोठार. बाबांनी अगदी आपल्या पद्धतीने विचारलं, ‘जागा तुमच्या नावावर का?’ पाक म्हणाले, ‘शेत माझं आहे. घराची जागा गावाची आहे.’

हे समजून घ्यायला मला वेळ लागला. बालीत प्रत्येक ठिकाणी दोन गावं असतात. एक सरकारी, जन्माचे दाखले आणि कर वगैरे बघणारं. दुसरं रूढीचं गाव, ‘देसा आदात’. अशी सुमारे दीड हजार गावं या एवढ्याशा बेटावर आहेत. कितीतरी ठिकाणी घराखालची जागा या दुसऱ्या गावाच्या मालकीची असते. कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहतं, पण ती बाहेरच्याला विकता येत नाही. आणि राहण्याबद्दल गावाला द्यायचं असतं ते काम : देवळाच्या उत्सवात हात लावायचा, कुणाकडे मयत झालं की जायचं, वाडीची बैठक असली आणि लाकडी घंटा वाजली की हजर व्हायचं. हे जो करत नाही त्याचा जागेवरचा हक्कही डळमळीत होतो. म्हणजे इथे जागेबरोबर खरी, आपल्या अर्थाची सेवा चिकटलेली आहे! आणि रस्त्याकडेच्या पाटीवरची सेवा म्हणजे फक्त पैसे.

दुसऱ्या दिवशी पाक आम्हाला शेतावर घेऊन गेले. तिथलं लाल भाताचं देशी वाण उंच वाढतं आणि तयार व्हायला पाचेक महिने घेतं. मे महिन्यात ते कमरेपर्यंत होतं. उतरत्या पायऱ्यांची शेतं, वर डोंगर... फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलेच आहेत. पण मला जे आवडलं त्याचा फोटो कुणीच काढत नव्हतं. पाटाच्या आडवा टाकलेला एक लाकडी ओंडका आणि त्याला पाडलेल्या दोन खाचा. एक रुंद, एक अरुंद. बस्स, एवढंच. याला ‘तमुकू’ म्हणतात. कुणाच्या शेतांकडे किती पाणी जायचं ते खाचेच्या रुंदीवर ठरतं.

सेकंड इयरला फ्लुइड मेकॅनिक्सच्या लॅबमध्ये आपण नॉचचं प्रॅक्टिकल केलं होतं, आठवतंय? जर्नल एकमेकांची बघून लिहिली होती, ती गोष्ट वेगळी! आयताकृती नॉचमधून जाणारं पाणी रुंदीच्या सरळ प्रमाणात असतं. दोन खाचांचा तळ एकाच पातळीवर असेल तर पाणी वाढो की आटो, वाटणीचं गुणोत्तर साधारण तेच राहतं. व्हॉल्व्ह नाही, गेट नाही, चावी नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे उघडं असल्यामुळे कुणी खाच वाढवली तर जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसते. मला व्हायवाला विचारलं असतं तर फॉर्म्युला सांगितला असता. त्याचा उपयोग भांडण टाळायला होतो हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

एका पाटावरच्या सगळ्या शेतकऱ्यांच्या संघटनेला ‘सुबाक’ म्हणतात. ही पद्धत हजारेक वर्षांहून जुनी आहे, आणि २०१२ मध्ये युनेस्कोनं सुबाकचा हा सगळा प्रदेश जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. त्यात जातिलुविह येतं. सुबाकचा प्रमुख, त्याचे लेखी-तोंडी नियम, पाटाची साफसफाई, पेरणीच्या तारखा, सगळं सभेत ठरतं आणि पाण्याच्या देवळांच्या कॅलेंडरशी जोडलेलं असतं. आपल्या धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत ज्यांनी इरिगेशनला वाचली असेल त्यांना हे ओळखीचं वाटेल.

१९७० च्या दशकात हरितक्रांती आली तेव्हा सरकारनं सांगितलं, देवळांचं वेळापत्रक सोडा, नवं बियाणं लावा, जितकी पिकं काढता येतील तितकी काढा. झालं काय, तर पाण्याची ओढाताण सुरू झाली आणि किडींचा सुळसुळाट झाला. कारण पूर्वी एका भागातली सगळी शेतं एकदम रिकामी राहायची, त्यामुळे किडीला खायला काही उरायचं नाही. पुढे स्टीफन लान्सिंग हे अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ आणि जेम्स क्रेमर हे इकॉलॉजिस्ट यांनी कॉम्प्युटर मॉडेल करून बघितलं. प्रत्येकानं आपापलं चालवलं तर कीड वाढते, सगळ्यांनी एकदम लावलं तर पाणी पुरत नाही, आणि देवळांच्या पातळीवर जसं ठरत होतं तसं केलं तर पीक सर्वांत चांगलं येतं! आपण इंजिनिअर लोक ज्याला ‘अंधश्रद्धा’ म्हणून बाजूला सारतो त्यात कधीकधी एखाद्या चांगल्या सिस्टिमचं डिझाइन लपलेलं असतं, हे मी तिथून शिकून आले.

आता त्या ‘दिसेवाकान’ पाटीकडे परत येऊ. समजा उतारावरच्या दहा शेतकऱ्यांपैकी मधल्या एकानं आपलं शेत व्हिलासाठी भाड्यानं दिलं. कागदावर व्यवहार फक्त त्याच्या जमिनीचा झाला. पण पाट त्याच्या बांधावरून खाली जातो. तिथे भिंत आली, स्विमिंग पूल आला, बोअर आली. नवा भाडेकरू पाट साफ करायला येत नाही, सभेला येत नाही, त्याला तारीखही माहीत नाही. खालच्या चौघांचं पाणी कमी झालं. मग त्यांच्यापैकी एकजण म्हणतो, ‘पाणीच नाही तर शेत ठेवून काय करू?’ आणि आणखी एक पाटी लागते. एकाने दिलेल्या भाड्याची किंमत अशी दुसरेच भरतात. आणि २५ वर्षांनी जमीन परत मिळते म्हणे! काँक्रीट ओतलेल्या जमिनीत भात लावून दाखवा मला. जातिलुविहच्या आत वारसा-क्षेत्र म्हणून बंधनं आहेत, पण दक्षिण बालीतून वर येताना हे ठिकठिकाणी दिसतं. सप्टेंबर २०२५ मध्ये देनपासार आणि आसपास मोठा पूर आला, दहाहून जास्त माणसं गेली. त्यानंतर शेतजमिनीवर नवी हॉटेलं बांधायला परवानगी नको हा विषय तिथल्या सरकारलाही हातात घ्यावा लागला.

इथपर्यंत लेख सोपा होता. गाव चांगलं, बाहेरचे वाईट, टाळ्या. पण पाकनी त्या दिवशी बांधावर बसून जे सांगितलं त्यानं माझी पंचाईत केली.

ते म्हणाले, तुम्ही सगळे येता, फोटो काढता आणि ‘हे असंच ठेवा हं’ सांगून जाता. असंच ठेवायला माझं काय जातं ते कुणी विचारत नाही. आजूबाजूच्या जमिनीचे भाव वाढले की सरकारी मूल्यांकन वाढतं आणि जमिनीचा कर वाढतो. मी भात पिकवतो, पण कर मात्र हॉटेलच्या शेजाऱ्याचा! माझ्या मुलाला एका हॉटेलात महिन्याला जेवढे मिळतात तेवढे मला भातात मिळत नाहीत. चिखलात कोण उतरणार?

बाबा काहीच बोलले नाहीत. मीही नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये हॉस्टेलवर बातमी वाचली. जातिलुविहमध्ये शेतजमिनीवर नियम मोडून बांधलेली काही रेस्टॉरंट वगैरे सरकारी पथकानं सील केली. त्यांतली काही तिथल्याच शेतकऱ्यांची होती. निषेध म्हणून शेतकऱ्यांनी काय केलं असेल? आपल्याच शेतात पत्रे उभे केले! फोटोत पत्रे यावेत म्हणून. जगप्रसिद्ध हिरव्या पायऱ्या आणि त्यांत चकाकणारे पत्रे. मला पाकचा चेहरा आठवला. माझ्या मते त्या पत्र्यांचा अर्थ सरळ आहे. हा देखावा आमच्या मेहनतीचा आहे, आणि तो फुकट नाही.

नियम चुकीचा होता का? नाही. एकेकानं हॉटेल बांधत सुटलं तर काही वर्षांनी बघायला काही उरणारच नाही. मग शेतकरी चुकीचे होते का? तेही मला म्हणता येत नाही. ज्याच्या जमिनीवर सगळ्या जगाचा वारसा उभा आहे त्यालाच तुम्ही सांगता की तू एवढ्याच पैशांत रहा. मला वाटतं, ‘असंच ठेवा’ म्हणण्याचा हक्क त्यालाच आहे जो ठेवण्याचा खर्च वाटून घेतो. शेतावरचा कर माफ असावा, तिकिटाच्या पैशातला मोठा वाटा थेट सुबाकला मिळावा, भाताला भाव मिळावा. आणि जो बाहेरून येऊन जमीन घेतो, एक वर्षासाठी का होईना, त्यानं पाटाची आणि वाटेची जबाबदारीही लेखी घ्यावी. नुसती त्यांची ‘सेवा’ चालणार नाही, आपलीही पाहिजे.

बालीचं गाव म्हणजे स्वर्ग, असंही मी म्हणत नाही. गावाचे नियम मोडणाऱ्याला वाळीत टाकण्याची प्रथा तिथे आहे. आणि रूढीप्रमाणे वारसा मुलाकडेच जातो. २०१० मध्ये तिथल्या रूढी-गावांच्या वरिष्ठ मंडळानं मुलींनाही वाटा द्यावा असं ठरवलं, पण तोही भावाच्या निम्मा. हे इबूंनी सांगितलं तेव्हा मी तावातावानं म्हटलं, ‘आमच्याकडे मुलीला समान हक्क आहे! महाराष्ट्रात १९९४ पासून, सगळ्या देशात २००५ पासून!’ आई माझ्याकडे बघत राहिली. का, ते आता सांगते.

आमची मालवण तालुक्यातली जागा १४ गुंठे. बालीत जमिनीचा भाव ‘आर’वर सांगतात. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि आपला एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. आपल्या सातबाऱ्यावरही क्षेत्र हेक्टर-आरमध्येच असतं. म्हणजे माप तेच! समुद्र जवळ आहे म्हणून मुंबईच्या एका पार्टीला ती जागा हवी आहे. सातबाऱ्यावर १९ नावं. विक्रीआधी नावं कमी करायची म्हणून आत्याकडून हक्कसोडपत्र करून घ्यायचं ठरलं होतं. ‘तिला कुठे हवीय जमीन, ती देऊन टाकील,’ असं घरातले सगळे म्हणाले. एप्रिलमध्ये बाबांनी मला विचारलं होतं तेव्हा मीही म्हटलं होतं, ‘विकून टाका ना, आपण वर्षातून दोन दिवस जातो.’ आत्याला विचारावं असं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. समान हक्काचं भाषण मी बालीत ठोकलं!

परत आल्यावर आत्याला फोन केला. तिला जमीन नको होती हे खरं, पण तिनं एक गोष्ट सांगितली जी १९ पैकी कुणाला आठवली नव्हती. आमच्या जागेच्या कडेनं व्हाळाचं पाणी जातं. पावसाळा संपला की वाडीतले लोक मिळून दगडमातीचा बंधारा घालतात आणि त्यावर खालच्या चार घरांच्या माडांना पाणी मिळतं. वर जाणारी पायवाटही आमच्यातूनच जाते. यातलं काहीच सातबाऱ्यावर नाही. भिंत घातली की संपलं.

मी ‘जमीन विकूच नका’ असं म्हणत नाही. हॉस्टेलच्या पंख्याखाली बसून गावाला उपदेश करणं मी पाकसमोर बसून सोडलं. काकांना खरंच पैशांची गरज आहे आणि त्यांना अडवण्याचा मला अधिकार नाही. पण शिमग्याला सगळे गावी जमणार आहेत तेव्हा मी तीन गोष्टी मांडणार आहे. आत्याच्या सहीच्या आधी तिला तिचा वाटा रुपयांत सांगायचा, मग तिला सोडायचा तर तिनं सोडावा. व्हाळ आणि पायवाट यांची मोजणी करून ती नकाशावर आणि खरेदीखतात लिहायची, मोजायला मी येते, सर्व्हेला माझे मार्क बरे आहेत. आणि घेणाऱ्यानं दर वर्षी बंधाऱ्याच्या कामाला माणूस किंवा पैसे द्यायचे. नसेल जमत तर दुसरं गिऱ्हाईक बघायचं, चार पैसे कमी आले तरी चालतील.

मोठा काका म्हणालाच, ‘बाली फिरून आली आणि आम्हाला शिकवायला लागली!’ बाबा मात्र परवा फोनवर म्हणाले, ‘नकाशाची कॉपी काढून ठेवलीय, येशील तेव्हा टेप घेऊन ये.’

तुमच्यापैकी कितीजणांच्या गावी अशी जागा आहे? सातबारा एकदा काढून वाचा. आणि त्यावर जे लिहिलेलं नाही ते आत्याला, आजीला विचारा. बघा पटतंय का!